चित्रकथाकार विल्यम हॉगार्थ

चित्रांच्या चौकटींतून गोष्ट सांगणारें एखादें पुस्तक हातीं पडलें म्हणजे मुलांना तहानभुकेची आठवण राहत नाहीं, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. वडीलधारी मंडळी मात्र अशा पुस्तकांकडे नाक मुरडूनच पाहतात. भिंतीवर सोनेरी चौकटींत लावलेलें तैलचित्र ती कला, आणि पुस्तकांत चौकट आंखून काढलेलें चित्र तो पोरखेळ, असा समज शिकलेल्या लोकांतहि रूढ होऊन बसला आहे. हा समज आजचा नव्हे. अठराव्या शतकांत लंडन शहरीं एका थोर चित्रकाराचें उभें आयुष्य ह्याच समजुतीशीं झगडण्यांत गेलें. आणि नवलाची गोष्ट अशी कीं, त्या समजुतीचा पगडा खुद्द त्याच्या मनावरहि शेवटपर्यंत राहिला. त्याचें नांव विल्यम हॉगार्थ. त्याचें चरित्र आम्ही येथें सादर करीत आहों.

हॉगार्थचा जन्म ता. १० नोव्हेंबर १६९७ रोजीं लंडनमधील स्मिथफील्ड बाजाराच्या लगतच्या वस्तींत झाला. त्याचे वडील रिचर्ड हॉगार्थ हे उत्तर इंग्लंडांतून राजधानींत आलेले एक गरीब पंतोजी होते. त्यांचें लॅटिन भाषेचें ज्ञान चांगलें होतें व मुलांसाठीं त्यांनीं शालोपयोगी पुस्तकेंहि लिहिलीं होतीं. परंतु विद्येनें पोट भरेना. तेव्हां त्यांनीं सेंट जॉन्स गेट येथें कॉफीचें दुकान काढलें. त्या दुकानांत लॅटिन भाषेंत संभाषण करण्याची सोय होती! असलें दुकान किती दिवस चालणार? तें बुडालें, कर्ज झालें, आणि त्या काळच्या कायद्याप्रमाणें पंतोजींस फ्लीट नांवाच्या कर्जदारांच्या तुरुंगाची वाट धरावी लागली. तेथें कांहीं जास्त पैसे भरले म्हणजे तुरुंगाच्या भोंवतालच्या ठराविक हद्दींत कुटुंबासह राहतां येत असे. विल्यमचें दहाव्या वर्षापासून पुढें सुमारें चार-पांच वर्षांचें बालपण ह्या हद्दींत गेलें. सुटून आल्यावर वडिलांनीं लॅटिनचा एक मोठा कोश सिद्ध केला. पण तो छापला गेला नाहीं, आणि पुस्तकविक्यांच्या आशेवर झुरून ते १७१८ सालीं वारले. आपल्या वडिलांच्या श्रमांचें लोणी दुकानदारांनीं खाल्लें, ही गोष्ट हॉगार्थ जन्मभर विसरला नाहीं. पुढें त्यानें आपलीं चित्रें स्वतःच छापून स्वतःच्या घरून विकलीं, ह्याचें मूळ येथें आहे असें आम्हांस वाटतें.

घरची अशी स्थिति असल्यामुळें मुलाला मोठें शिक्षण मिळण्याची आशाच नव्हती. १७१४ च्या सुमारास त्याला एलिस गॅम्बल नांवाच्या, चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरणाऱ्या कारागिराकडे उमेदवार म्हणून ठेवण्यांत आलें. श्रीमंतांच्या ताटांवर व तबकांवर त्यांच्या घराण्यांचीं चिन्हें कोरावयाचीं, हें तेथलें काम. हाताला वळण लागलें, पण मन रमेना. सेंट पॉल देवालयाच्या घुमटाच्या आंत व ग्रीनिच येथील दिवाणखान्यांत सर जेम्स थॉर्नहिल हा चित्रकार त्या वेळीं भव्य चित्रें रंगवीत होता. चांदीच्या तबकावर सिंह आणि गरुड कोरतांना ह्या मुलाच्या डोळ्यांपुढें तो घुमट उभा राही. उमेदवारीचीं सात वर्षें पुरीं न करतांच तो तेथून बाहेर पडला, आणि १७२० सालीं त्यानें तांब्याच्या पत्र्यावर चित्रें कोरण्याचा स्वतंत्र धंदा मांडला. त्याच वर्षीं तो सेंट मार्टिन्स लेन येथील चित्रशाळेंतहि जाऊं लागला.

ताम्रपत्रावरील कोरीव चित्र कसें तयार होतें हें थोडें सांगितलें पाहिजे. गुळगुळीत तांब्याच्या पत्र्यावर पोलादी कोरणीनें रेषा खोदावयाच्या. मग शाई चोळून पत्रा पुसला म्हणजे शाई तेवढी खांचांत राहते. त्यावर ओलसर कागद ठेवून यंत्राखालीं दाबला कीं तो कागद खांचांतील शाई उचलून घेतो. पत्र्यावर जें उजवीकडे तें कागदावर डावीकडे येतें. एका पत्र्यावरून अशा शेंकडों प्रती निघतात. तैलचित्र एका धनिकाच्या एका भिंतीवर राहतें, पण हें कागदी चित्र दुकानाच्या कांचेमागें टांगलें म्हणजे रस्त्यानें जाणारा हमालहि तें पाहूं शकतो. एवढ्याच कारणामुळें कोरणी चालविणाऱ्यास चित्रकारांच्या पंक्तीस बसवीत नसत.

चित्रशाळेंत बसून तासन्‌तास एकाच नमुन्याची नक्कल करणें हॉगार्थला रुचत नसे. त्यानें दुसराच मार्ग काढला. रस्त्यांत, बाजारांत, नाटकगृहांत जें दिसेल त्याचा ठसा मनावर घ्यावयाचा, आणि घरीं येऊन तें आठवणीनें काढावयाचें. एखादा चेहरा फारच आवडला तर तो आंगठ्याच्या नखावरच चार रेषांनीं टिपून ठेवी, असें सांगतात. लंडनचें एवढें मोठें चित्रमय भांडार त्याच्या डोक्यांत सांठलें तें असें. दक्षिण समुद्राच्या व्यापाराचे भाग विकत घेऊन सारें शहर नागवलें गेलें तेव्हां, १७२१ च्या सुमारास, त्यानें त्या वेडावर एक उपहासचित्र कोरलें. १७२४ सालीं परदेशी गाण्यांच्या व मुखवट्यांच्या नाचांच्या नादावर दुसरें कोरलें. हें दुसरें चांगलें खपलें. परंतु चोरट्या विक्यांनीं लगेच त्याची हुबेहूब नक्कल करून ती अर्ध्या किंमतींत विकली. वडिलांचीच गत आपलीहि होणार, हें त्याच्या ध्यानांत आलें.

ह्याच सुमारास एक खटला उद्भवला, तो आमच्या विषयाच्या दृष्टीनें मोठा बोधक आहे. जोशुआ मॉरिस नांवाच्या पडदे विणविणाऱ्या व्यापाऱ्यानें हॉगार्थकडून एका पडद्यासाठीं रंगीत चित्र करवून घेतलें. काम झाल्यावर मॉरिसच्या कानावर आलें कीं, हा मनुष्य चित्रकार नसून कोरणीवाला आहे. झालें! त्यानें पैसे देण्याचें नाकारलें. हॉगार्थनें १७२८ सालीं त्याच्यावर फिर्याद केली, साक्षीदार उभे केले, आणि खटला जिंकला. न्यायालयानें पैसे देवविले खरे. परंतु कोरणीवाल्याच्या हातीं कुंचला शोभत नाहीं, ही लोकांची समजूत न्यायालयाच्या निकालानें थोडीच जाणार!

ता. २३ मार्च १७२९ रोजीं त्यानें, ज्याच्या घुमटांतील चित्रांनीं त्याला वेड लावलें होतें त्याच सर जेम्स थॉर्नहिलच्या मुलीशीं, जेनशीं, लग्न केलें. लग्न बापाच्या संमतीवांचून, गुपचूप झालें. सासऱ्याचा राग कांहीं काळानें शमला. तो शमण्यास हॉगार्थचीं नवीं चित्रेंच कारण झालीं असें सांगतात.

हीं नवीं चित्रें म्हणजे खेड्यांतून लंडनला आलेल्या एका भाबड्या मुलीच्या अधःपाताची कथा. त्यानें प्रथम एकच चित्र रंगविलें होतें. मित्रांना तें आवडलें. मग त्याला जोड म्हणून दुसरें काढलें. आणि दोहोंच्या मागेंपुढें काय घडलें असेल ह्याचा विचार करतां करतां सहा चित्रांची मालिका तयार झाली. पहिल्या चित्रांत ती गाड्यांच्या अड्ड्यावर उतरते, तेथेंच एक दुष्ट बाई तिला गोड बोलून जाळ्यांत ओढते. सहाव्यांत तिची शवपेटी आहे. त्यानें हीं सहा चित्रें तांब्यावर स्वतः कोरलीं आणि एक गिनी वर्गणी घेऊन संच विकावयास काढला. बाराशेंहून अधिक वर्गणीदार मिळाले. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. तेव्हां १७३२ सालीं ह्या एका मालिकेनें त्याला केवढें उत्पन्न दिलें असेल ह्याचा हिशेब आमच्या विद्यार्थ्यांनीं करावा. मूळ तैलचित्रें पुढें १७५५ सालीं फॉन्टहिल येथील वाड्याला आग लागून जळालीं. आज ही कथा आपणांस पाहतां येते ती त्या कागदांमुळें.

अर्थात् चोरटे विक्येहि निजले नव्हते. नकलांचा बाजारांत सुळसुळाट झाला. तेव्हां हॉगार्थ व त्याचे कांहीं स्नेही ह्यांनीं थेट पार्लमेंटकडे अर्ज केला. जो चित्र कल्पून कोरतो त्याचा त्यावर चौदा वर्षें हक्क असावा, असा कायदा झाला, तो ता. २५ जून १७३५ पासून अंमलांत आला. पुस्तकांसाठीं असा कायदा पूर्वींच होता, चित्रांसाठीं हा पहिला. ह्या दिवसाची वाट पाहत हॉगार्थनें आपली दुसरी मालिका तयार असूनहि दाबून ठेविली होती. तेवढ्यांतहि कांहीं विक्यांनीं त्याच्या घरीं माणसें पाठवून, चित्रें नुसतीं डोळ्यांनीं पाहून ठेवून, आठवणीवरून नकला छापविल्याच. ज्याच्या विद्येचें मूळ स्मरणशक्तींत त्याला स्मरणशक्तीनेंच लुटावें, हा प्रकार पाहून हंसावें कीं रडावें!

ह्या दुसऱ्या मालिकेचा नायक टॉम रेकवेल. पहिल्या चित्रांत त्याचा कृपण बाप नुकताच मेला आहे. भिंतीला सुतकाचें काळें कापड लावण्याचें काम चाललें आहे, तोंच शिंपी टॉमच्या नव्या कपड्यांचें माप घेत आहे. पाठीमागें कारभारी हळूच पैसे लांबवीत आहे. आणि दाराशीं सेरा यंग ही गरीब मुलगी, लग्नाच्या वचनाची अंगठी हातांत धरून, रडत उभी आहे. पुढें तालीमबाज, नाचशिक्षक, गवई ह्यांचा घोळका. मग दारूचा अड्डा. मग कर्जासाठीं भर रस्त्यांत अटक, आणि त्या वेळीं आपल्या शिलकेंतून पैसे भरून त्याला सोडविणारी तीच सेरा. टॉम तिला विसरून पैशासाठीं एका एकाक्ष म्हातारीशीं लग्न लावतो. तो पैसाहि जुगारांत जातो. जुगाराच्या खोलीला आग लागली आहे, धूर निघत आहे, पण खेळणाऱ्यांना त्याचें भानच नाहीं! आठव्या चित्रांत तो वेड्यांच्या रुग्णालयांत सांखळ्या घातलेला पडला आहे. शेजारीं सेरा अश्रु ढाळीत आहे. आणि श्रीमंत बायका करमणूक म्हणून वेडे पाहावयास आल्या आहेत.

आमचें लक्ष विशेष वेधतें तें सातव्या चित्रानें. तें फ्लीटचा तुरुंग आहे. तुरुंगाचा कारकून आपली दस्तुरी मागत आहे, बियर घेऊन आलेला पोऱ्या पैशांसाठीं हात पसरून उभा आहे, टॉमनें लिहिलेलें नाटक साभार परत आलें आहे, आणि कोपऱ्यांतील एका कैद्याच्या जवळून कागदाची गुंडाळी खालीं पडली आहे, तिच्यावर राष्ट्राचें कर्ज फेडण्याच्या योजनेचें नांव लिहिलेलें आहे. स्वतःचें कर्ज फेडतां न येणारा मनुष्य राष्ट्राचें फेडावयास निघाला! पाहणारा येथें हंसतो. परंतु लॅटिन कोशाचें बाड काखेंत घेऊन दारोदार फिरणारे एक पंतोजी ज्यानें घरांत पाहिले होते, त्याला हें चित्र कोरतांना काय वाटलें असेल?

हीं चित्रें पाहावयाचीं नसून वाचावयाचीं आहेत, असें इंग्रज निबंधकार चार्ल्स लॅम ह्यानें १८११ सालीं विस्तारानें प्रतिपादिलें आहे, आणि तें खरें आहे. आजच्या चित्रकथेंत पात्रांच्या तोंडाजवळ फुगा काढून त्यांत शब्द घालतात. हॉगार्थच्या चित्रांत तसें जवळजवळ नाहीं. त्याच्याकडे बोलतात त्या वस्तू. भिंतीवरचें चित्र, उलटी पडलेली खुर्ची, घड्याळाचे कांटे, कोपऱ्यांतील कुत्रें, ह्यांतील एकहि उगीच ठेविलेलें नसतें. दोन चित्रांच्या मधल्या काळांत काय झालें तें मात्र तो दाखवीत नाहीं. तें आपण ताडावयाचें. चौकटीचौकटींच्या मधली रिकामी जागा वाचकानें भरावी, हें जें चित्रकथेचें मर्म, तें त्याला पूर्ण साधलें होतें. जिनीव्हा येथील रोडोल्फ टॉफर हा शाळामास्तर (१७९९–१८४६) चौकटींच्या आधुनिक चित्रकथेचा जनक मानला जातो. नेत्रविकारामुळें चित्रकार होण्याची आशा सोडून तो आपल्या विद्यार्थ्यांच्या करमणुकीसाठीं वह्यांतून अशा कथा काढूं लागला. त्यानें आपल्या ह्या कलेविषयीं १८४५ सालीं निबंध लिहिला, त्यांत हॉगार्थचा आधार घेतला आहे.

हॉगार्थच्या मालिकांत सर्वांत सुंदर ती लग्नाच्या बाजाराची, सहा चित्रांची. पहिल्यांत वातानें सुजलेला पाय पुढें करून बसलेला एक कर्जबाजारी सरदार आपल्या घराण्याच्या वंशवृक्षाकडे बोट दाखवीत आहे. समोर चष्मा लावून करारनामा वाचणारा धनाढ्य व्यापारी. एकाचा मुलगा, दुसऱ्याची मुलगी. नवरदेव आरशांत स्वतःलाच न्याहाळीत आहे, नवरीनें तोंड फिरविलें आहे, आणि त्यांच्या पायांशीं दोन कुत्रीं एकाच सांखळीनें जखडलेलीं आहेत. दुसऱ्या चित्रांत रात्रभर जागलेलें जोडपें जांभया देत बसलें आहे. म्हातारा कारभारी बिलांचा गठ्ठा घेऊन हताश होऊन निघाला आहे. शेवटच्या चित्रांत विष घेऊन मरत असलेल्या मुलीच्या बोटांतली अंगठी तिचा स्वतःचा बाप काढून घेत आहे, आणि एक उपाशी कुत्रें मेजावरचें अन्न ओढीत आहे. ह्या तैलचित्रांतील रेशमाची चमक, हातांची ठेवण, प्रकाशाची मृदुता पाहिली म्हणजे हा केवळ गंमतीचा धनी होता असें म्हणण्याचें धाडस कोणी करणार नाहीं. त्यावरून छापलेले संच १७४५ पासून घरोघर गेले. परंतु मूळ सहा चित्रें त्यानें १७५१ सालीं विक्रीस काढलीं तेव्हां गिऱ्हाईक जवळजवळ फिरकलेंच नाहीं. एका गृहस्थानें सहाहि मिळून एकशें वीस गिनींना नेलीं. आज तीं लंडनच्या नॅशनल गॅलरींत आहेत.

आपल्याला कोणी विडंबनचित्रकार म्हटलें कीं हॉगार्थला राग येई. नाक लांब करून, हनुवटी ओढून हंसविणें वेगळें आणि माणसाचा स्वभाव त्याच्या चेहऱ्यांत पकडणें वेगळें, असें त्याचें म्हणणें. त्याचा मित्र, कादंबरीकार हेन्री फील्डिंग, ह्यानें १७४२ सालीं त्याची हीच बाजू मांडली होती. पुढच्याच वर्षीं हॉगार्थनें एका पत्र्यावर मुखांची दाटी करून हा भेद कोरून दाखविला, व तळाशीं राफाएलच्या चित्रांतील तोंडें नमुन्यादाखल दिलीं. तीं राफाएलचीं चित्रें कार्टून म्हणून ओळखलीं जातात. हा शब्द जाड कागद ह्या अर्थाच्या इटालियन शब्दावरून आला असून, भव्य चित्र रंगविण्यापूर्वीं मोठ्या कागदावर काढलेला त्याचा आराखडा एवढाच त्याचा मूळ अर्थ. १८४३ सालीं पार्लमेंटच्या नव्या इमारतींतील भित्तिचित्रांच्या अशा आराखड्यांचें प्रदर्शन भरलें असतां पंच पत्रानें त्यांची टर उडविण्यासाठीं आपल्या उपहासचित्रांना तेंच नांव दिलें, आणि तेव्हांपासून शब्दाचा अर्थच पालटला. राफाएलच्या आराखड्याला आणि वर्तमानपत्रांतल्या गंमतीच्या चित्राला एकच नांव असावें, हा योग हॉगार्थला पाहावयास मिळाला नाहीं.

त्याचें मन मात्र भव्य चित्रांकडे धांव घेई. बायबलांतील आणि पुराणांतील प्रसंगांचीं मोठालीं चित्रें हींच खरीं, बाकीचीं खालच्या पायरीचीं, असें त्या काळचे सर्व पंडित म्हणत. आणि हॉगार्थ पंडितांवर कितीहि तोंडसुख घेवो, ही प्रतवारी त्याला मान्य होती. त्याच्या जन्मस्थानाजवळच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या जिन्यावर चित्रें काढण्याचें काम एका इटालियन चित्रकाराला मिळणार असें कळतांच, त्यानें तें स्वतः विनामूल्य करण्याचें पत्करलें. बेथेस्दाचें तळें आणि चांगला शोमरोनी हीं दोन प्रचंड चित्रें १७३६ व १७३७ सालीं तेथें लागलीं. तीं अद्यापि तेथेंच आहेत. त्यांतील मुख्य आकृति कांहींशा निर्जीव वाटतात, असें आम्हांस नमूद केलें पाहिजे. पण तळ्याकांठचे रोगी पाहावे! तेथें पुन्हां रस्त्यावरचा हॉगार्थ जागा होतो.

टाकून दिलेल्या अर्भकांसाठीं कॅप्टन टॉमस कोरम ह्या दयाळु खलाशानें जी संस्था काढली तिला १७३९ सालीं सनद मिळाली, आणि हॉगार्थ तिचा पहिल्यापासून चालक होता. १७४० सालीं त्यानें कोरमचें जें पूर्णाकृति चित्र काढून संस्थेस दिलें, तें आमच्या मतें त्याच्या उत्तम कृतींपैकीं एक होय. लालभडक कोट घातलेला, पाय जमिनीला पुरे न टेंकणारा तो म्हातारा, राजाच्या डौलानें बसविला आहे. त्यानें इतर चित्रकारांसहि आपापलीं चित्रें तेथें देण्यास लाविलें. त्यामुळें, सामान्य लोकांना नव्या इंग्रजी चित्रकारांचीं कामें पाहावयास मिळतील अशी जागा प्रथम ह्या अनाथांच्या घरीं झाली. हॉगार्थ दांपत्यास मूल नव्हतें. संस्थेचीं कांहीं मुलें त्यांनीं आपल्या चिझिक येथील घरीं ठेवून घेतलीं होतीं.

पुढील मालिका त्यानें मुद्दाम गरिबांसाठीं काढल्या. १७४७ ची बारा चित्रांची मालिका मागावर बसणाऱ्या दोन उमेदवारांची आहे. उद्योगी गुडचाइल्ड मालकाचा भागीदार, मग जांवई व शेवटीं लंडनचा लॉर्ड मेयर होतो. आळशी आयडल फांसावर जातो, आणि न्यायासनावर बसलेल्या गुडचाइल्डपुढेंच त्याला आणलें जातें. मालकांनीं नाताळांत आपल्या उमेदवारांस हा संच द्यावा, अशी योजना होती. मासला जरा सरळ आहे. आणि ज्यानें स्वतः उमेदवारी अर्धी टाकली त्यानें असा उपदेश करावा ह्याची मौज वाटते. ह्या मालिकेसाठीं त्यानें तैलचित्रें काढलींच नाहींत. रेषाहि ठळक व सोप्या ठेविल्या. १७५१ सालीं जिन दारूच्या गल्लीचें चित्र निघालें. झिंगलेल्या आईच्या हातांतून मूल खालीं पडत आहे, घरें कोसळत आहेत, आणि गहाणवट घेणाऱ्याचें दुकान तेवढें भरभराटींत आहे. किंमत एक शिलिंग. त्याच वर्षीं जिनच्या विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा झाला. लोकमत तयार करण्यांत ह्या चित्राचा वांटा होता. प्राण्यांना छळण्यापासून खुनापर्यंत जाणाऱ्या एका दुष्टाची चार चित्रें त्यानें ह्याच वेळीं काढलीं. तीं आणखी स्वस्त पडावीं म्हणून लांकडी ठशांवरहि दोन कोरवून पाहिलीं, परंतु खर्च उलट वाढला.

१७५३ सालीं त्यानें सौंदर्याची मीमांसा करणारा ग्रंथ लिहिला, १७५७ सालीं त्याला राजाच्या चित्रकाराचें पद मिळालें. एवढ्यावर त्यानें समाधान मानावयास हवें होतें. परंतु १७५८ सालीं एका लिलांवांत, कोरेज्जो ह्या जुन्या इटालियन चित्रकाराचें म्हणून समजलेलें सिगिस्मुंडेचें एक चित्र चारशें पौंडांहून अधिक किंमतीस गेलें. प्रियकराच्या काळजाचें पात्र समोर घेऊन शोक करणारी ही राजकन्या जुन्या इटालियन कथेंतील आहे. मुळांत तें चित्र कोरेज्जोचें नव्हतेंच! हॉगार्थ चिडला. इंग्रज मनुष्यहि असें चित्र काढूं शकतो हें दाखविण्याच्या ईर्ष्येनें, सर रिचर्ड ग्रोव्हनर ह्यांच्यासाठीं त्यानें तोच विषय घेतला, महिनेच्या महिने खपून चित्र पुरें केलें, आणि मोठी किंमत मागितली. सर रिचर्डनीं १७५९ सालीं तें घेण्याचें टाळलें. १७६१ च्या प्रदर्शनांत मांडलें, तेथेंहि टवाळी झाली. तेव्हां त्यानें तें काढून घरीं आणलें. कोळंब्या विकणारी एक पोर हंसत जात असतां त्यानें चार फटकाऱ्यांत रंगविली होती. तें चित्रहि घरांतच पडलें होतें, व आज त्याची सारे रसिक वाखाणणी करतात. त्याचें मन मात्र सिगिस्मुंडेवरच खिळलेलें होतें.

शेवटचीं वर्षें भांडणांत गेलीं. १७६२ सालीं त्यानें प्रधानमंडळाच्या बाजूचें एक राजकीय चित्र छापलें, त्यामुळें जॉन विल्क्स हा जुना मित्र उलटला व त्यानें आपल्या पत्रांतून सिगिस्मुंडेसह त्याचे वाभाडे काढले. हॉगार्थनें विल्क्सचें तिरळ्या डोळ्यांचें चित्र कोरून सूड घेतला. हीं भांडणें सविस्तर सांगण्यांत आम्हांस गोडी नाहीं. त्याची प्रकृति त्यांनीं ढांसळली, हें खरें. १७६४ च्या ऑक्टोबरांत, २५ तारखेच्या रात्रीं, लेस्टर फील्ड्स येथील घरीं त्याला मृत्यूनें गांठलें. चिझिकच्या देवळाच्या आवारांत त्याची समाधि आहे.

जेन त्याच्यामागें पंचवीस वर्षें जगली. त्यानें तिच्यासाठीं ठेविलेली खरी पुंजी म्हणजे तांब्याचे ते पत्रे. त्यांवरून नव्या प्रती काढून ती घरूनच विकी. आणि १७६७ सालीं पार्लमेंटनें खास कलम घालून त्या चित्रांवरचा हक्क तिला आणखी वीस वर्षें दिला. सिगिस्मुंडेचें चित्र पांचशें पौंडांच्या खालीं विकूं नये, असें तो तिला सांगून गेला होता. तेवढी किंमत देणारा कोणी आला नाहीं, आणि तिनेंहि तें विकलें नाहीं. तें १७८९ सालीं तिच्या मरणापर्यंत तिच्याच घरीं राहिलें.